हरकत नाही

पत्रिकांचा गठ्ठा कौसाबाईंनी सोडला. पहिल्या पत्रिकेला हळदकुंकू लावून ती गावदेवीसाठी देव्हाऱ्यात ठेवली. दुसरी कुणाची, हे भोईरांच्या घरात कधी विचारावं लागलं नव्हतं. दुसरी माहेरवाशिणीची. ती हातात धरून कौसाबाई थांबल्या आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिचं काय करायचं?"

हिंदुरावांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"करायचं काय, वहिनी?" वांगणीहून सकाळीच आलेला त्यांचा धाकटा भाऊ बाळा खुर्चीतून बोलला. "जिनं भावांना कोर्टात उभं केलं, तिला हळदीला बोलवायचं? लोक हसतील."

"लोक जेवून जातात, भावजी. मांडवात धवला कोण म्हणणार ते बोला. गावात दोनच म्हाताऱ्या उरल्यात. एकीला दात नाय, दुसरीला ऐकू येत नाय."

तेजल हसली. लग्न तिचं होतं, आणि मांडवात बायकांनी म्हणायची ती जुनी गाणी तिनं फक्त कुणाच्या तरी मोबाईलवर ऐकली होती. "आत्याआजी खरंच एवढं छान म्हणायची, आबा?"

"म्हणायची," हिंदुराव म्हणाले. वेणू धवला म्हणायला लागली की मांजर्ली गावच्या बायका हातातली हळद तशीच ठेवून ऐकत बसत, हे नातीला कसं सांगावं? सांगायला गेलं तर साधंच वाटतं. आई गेली तेव्हा वेणू एवढीशी होती. तिला खांद्यावर घेऊन ते नदीवर जात, आणि ती वरून त्यांच्या केसांना धरून गात असे.

मुलींना बापाच्या जमिनीत सारखा वाटा, असा कायदा झाला आणि त्याच्या मागोमाग वेणूनं वाटपाचा दावा लावला. म्हातारे वडील, बाळाजी, तेव्हा जिवंत होते. त्यांनी ओटीवर उभं राहून सांगितलं, तिनं उंबरा ओलांडायचा नाही. वडील गेले. उंबरा मोकळा झाला असं हिंदुरावांना वाटलं होतं. पण मग प्रत्येक भाऊबीजेला मुलानं, राजूनं सांगितलं, "आबा, केस चालू आहे. वकील बोललेत, चालू केसमध्ये भेटायचं नाही. भेटलात तर सगळं बिघडेल." हिंदुराव थांबत गेले. केस संपली की जाऊ. संपेलच की कधीतरी.

"पण केस चालू आहे की नाही तेच आधी बघू या ना," तेजल म्हणाली. "ऑनलाईन दिसतं सगळं. कुणी पण बघू शकतं."

"कुणी पण?" हिंदुरावांना ते बरं वाटलं नाही. "आपल्या घरातलं भांडण?"

"पब्लिक असतं, आबा. आमच्या ऑफिसातल्या मुली भाड्यानं रूम घ्यायच्या आधी मालकाचं नाव टाकून बघतात, याच्यावर किती केस आहेत."

राजू घरात नव्हता. तो उल्हासनगरला मंडपवाल्याकडे गेला होता. तो असता तर मोबाईल पुढे आलाच नसता, हे हिंदुरावांना नंतर कळलं. त्या वेळी त्यांना एवढंच वाटलं की बरं झालं, कुणी रागावणार नाही. त्यांनी खुर्ची नातीजवळ ओढली.

तेजलनं राज्य निवडलं, जिल्हा निवडला, उल्हासनगरचं कोर्ट निवडलं. "वर्ष कोणतं?"

"पूर आला त्याच्या पुढल्या साली," कौसाबाई म्हणाल्या. "भिंतीवरचा चिखल नव्हता निघाला अजून. कागद घेऊन बेलीफ आला तो चिखलाच्याच भिंतीला टेकून उभा राहिला."

मग पडद्यावर काही वाकडी अक्षरं आली. ती ओळखून परत लिहायची होती.

"हे कशाला?" बाळानं विचारलं.

"आपण माणूस आहोत की मशीन, ते बघतात."

"बघू दे, बघू दे. मला पण कळेल."

तेजलनं वेणूचं नाव टाकलं. वेणू गायकर. काही नाही. वेणूबाई टाकलं. काही नाही. चालू केसेस बघितल्या, निकाल लागलेल्याही बघितल्या. हिंदुरावांचं नाव टाकलं, बाळाचं टाकलं. दर वेळी नवी वाकडी अक्षरं आणि दर वेळी तेच उत्तर: रेकॉर्ड सापडलं नाही.

"नाहीच आहे," तेजल म्हणाली.

"नाही म्हंजे?"

"म्हणजे या नावाची केसच नाही, आबा."

हिंदुरावांनी मोबाईल हातात घेतला. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. एवढी चांगली बातमी एवढ्या लहान अक्षरांत असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. स्वतःच्या कुठल्याच समजुतीवर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. "निकाल लागला असता तर दिसलं असतं ना?"

"दिसलं असतं."

"मग तिनं काढून घेतली," ते हळूच म्हणाले. कुणी हसलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. "वेणूनं केस काढून घेतली, बाळा."

बाळाच्या तोंडावरून काहीतरी सरकलं. "असेल बुवा," तो म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या शोधायला आत गेला.

कौसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आतून किर्ती, राजूची बायको, पिठाच्या हातानं बाहेर आली. "आई, मग दुसरी पत्रिका लिहायची ना आता? पोस्टानं नको. आबा, तुम्ही स्वतः जा. मी नारळ आणि खण काढून ठेवते."

"मी जातो," हिंदुराव म्हणाले. "आजच जातो. इथं अंबरनाथला तर आहे."

किती वर्षांनी त्यांनी घरात काही ठरवून सांगितलं होतं. त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

राजू आला तो याच वेळी. दारातच त्याला तेजलनं सगळं सांगितलं. तो चपला काढत होता. एक काढली आणि दुसरी पायात तशीच राहिली.

"ती साईट काही खरी नसते," तो म्हणाला. "जुन्या केसेस चढवतच नाहीत त्यावर. आबा, तुम्ही कुठे जाऊ नका. मी वकिलांना विचारतो उद्या."

"आज रविवार आहे," किर्ती म्हणाली. "आज जाऊ दे त्यांना. मन झालंय."

"तुला काय कळतंय त्यातलं? पीठ मळ जा."

किर्ती गेली नाही. तिथंच उभी राहिली.

"मी लिहितो," हिंदुरावांनी पेन उघडलं. त्यांचं अक्षर अजून चांगलं होतं. त्यांनी पत्रिकेवर लिहायला सुरुवात केली: श्रीमती वेणू...

"अहो, वेणू काय लिहिताय?" कौसाबाई म्हणाल्या. "तिच्या सासरी वेणू कोण ओळखतं? लग्नात नाव बदललं नाय का तिचं? तांदळात लिहिलं होतं दिनानाथरावांनी. अंजनी."

हिंदुरावांचं पेन थांबलं. त्यांना ते ताट आठवलं. ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं गिरवलेलं नाव, आणि ते वाचून लाजलेली वेणू. त्या दिवशी त्यांना राग आला होता. आपल्या बहिणीचं चांगलं नाव असताना हे दुसरं कशाला? म्हणून त्यांनी ते कधी तोंडी घेतलं नाही आणि न घेता घेता विसरले.

तेजलनं हळूच मोबाईल परत उचलला. "मग कोर्टात पण तेच नाव असेल ना?"

"तेजल," राजू म्हणाला, "ठेव तो मोबाईल."

"एक मिनिट, पप्पा."

"ठेव बोललो ना मी!"

तेजलनं बापाकडे बघितलं. मग आजोबांकडे. तिचं बोट चालतच होतं. अंजनी दिनानाथ गायकर. वाकडी अक्षरं तिनं एकदा चुकीची लिहिली, परत लिहिली. आणि मग ती नुसती बघत बसली.

"मिळाली?" हिंदुरावांनी विचारलं.

"मिळाली."

"चालू आहे?"

"चालू आहे." तिचा आवाज बदलला. "समोरचं नाव पणजोबांचं आहे, बाळाजी भोईर आणि इतर. म्हणून तुमच्या नावानं सापडत नव्हती. तुम्ही 'इतर' मध्ये आहात, आबा."

"मग चेहरा का असा केलास?"

तेजलनं मोबाईल त्यांच्या हातात दिला नाही. किर्तीनं तो मुलीच्या हातातून घेतला, वाचला आणि नवऱ्याकडे वळली. "राजू, हे काय आहे?"

"काय लिहिलंय ते मला कुणी सांगाल का?" हिंदुराव म्हणाले.

"अंजनीच्या नावाआधी डिसीज्ड लिहिलंय, आबा," किर्ती म्हणाली. तिनं कपाळाला हात लावला, तिथे पीठ लागलं. "मयत अंजनी दिनानाथ गायकर, तर्फे वारस. एक, भूपेश दिनानाथ गायकर..."

हिंदुरावांनी मान हलवली. ऐकू आलं, असं सांगायला. बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्टी देत होता. कौसाबाई पत्रिकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून खाली बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला नाही, नुसता तोंडातून लांब श्वास सोडला.

"टायपिंगची चूक असेल," हिंदुराव म्हणाले. "सरकारी लोक कुणालाही मयत लिहितात. बाळा, तुझ्या रेशनकार्डावर नव्हतं का झालं तसं?"

बाळा स्वयंपाकघराच्या दारात तांब्या घेऊन उभा होता. तो तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. तेव्हा हिंदुरावांना पहिल्यांदा वाटलं की या खोलीत ज्यांना धक्का बसायला हवा होता, त्यातले दोघे नुसते ओशाळलेत.

"याच्यात ऑर्डर पण आहे," तेजल म्हणाली. "मराठीत आहे."

"दाखव."

"आबा, राहू दे," राजू पुढे आला. दुसरी चप्पल अजून त्याच्या पायात होती.

"दाखव, पोरी."

अक्षरं बारीक होती. तेजलनं ती दोन बोटांनी मोठी केली. हिंदुरावांना पुस्तकं वाचायची सवय. ओळीखाली बोट धरून ते मोठ्यानं वाचू लागले. वादी ऑगस्ट महिन्यात मयत झाल्याने त्यांच्या वारसांची नावे दाव्यात दाखल करून मिळावीत, असा अर्ज. प्रतिवादींचे म्हणणे घेतले. प्रतिवादींची हरकत नाही. अर्ज मंजूर.

त्यांनी शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. या वेळी मनात.

"प्रतिवादी म्हणजे मी ना?"

"आबा, ती कोर्टाची भाषा असते," राजू म्हणाला. "वारस लावायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वकिलांनी सही मागितली, मी दिली. तुमचं मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे म्हणून..."

"वेणू गेली. याला माझी हरकत नाही, असं माझ्या नावानं तू लिहून दिलंस."

"तसं नाहीये ते!"

"मग कसं आहे?" हे किर्तीनं विचारलं. "म्हणजे श्रावणात गेल्या त्या. आपण गौरी-गणपती केले, दिवाळी केली. त्या घरातून फोन आला नव्हता?"

राजूनं खुर्चीचा कठडा धरला. "आला होता. भूपेशचा. मी आनंदनगरला कामाच्या साईटवर होतो. तो बोलला, आई गेली, मामांना घेऊन ये. मी..." तो बापाकडे वळला. "तुम्ही गेला असता, आबा. तिच्या पायाशी बसून रडला असता. आणि तिथल्या तिथे, भूपेशनं कागद पुढे केला असता तर त्यावर सही करून आला असता. मला ठाऊक आहे तुम्ही कसे आहात. एवढी वर्षं केस मी ओढतोय, तुम्ही कधी कोर्टाची पायरी चढलात? सगळ्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. आणि मी एकट्यानं नाही ठरवलं. काकांना विचारलं होतं."

सगळ्यांनी बाळाकडे बघितलं.

"मला वाटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू," बाळा म्हणाला. त्यानं तांब्या खाली ठेवला, तो नीट बसला नाही, पाणी सांडलं. "दादा, मी अंबरनाथपर्यंत गेलो होतो त्या दिवशी. स्टेशनबाहेर उभा राहिलो. पुढे पाय नाही निघाला. देवाशपथ."

"मला तरी सांगायचं होतं," किर्ती नवऱ्याला म्हणाली. ती बाजूला सरकली आणि सासऱ्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

हिंदुरावांना मोठ्यानं बोलावंसं वाटत होतं. आयुष्यात एकदा ओरडायचं असेल तर ती वेळ हीच, हे त्यांना समजत होतं. पण शब्द शोधता शोधता त्यांना दुसराच विचार आला आणि तो बोचत राहिला: राजू म्हणतो ते खोटं नाही. मी सही केली असती. आणि तरीही, ती जिवंत असताना मला कुणी दोरीनं बांधून ठेवलं नव्हतं. 'केस चालू आहे' हे राजूनं सांगितलं. ते पटवून घ्यायला मात्र मलाच बरं वाटत होतं. दारात गेलो आणि ती बोलली नाही तर, ही भीती होती. लाजाळू माणसाला कारण मिळालं की तो ते जपून ठेवतो.

ते उठले.

"कुठे निघालात?" कौसाबाईंनी विचारलं.

"अंघोळ करतो. ऐकल्यावर करायची असते ना?"

"इतक्या महिन्यांनी कळलं तर एका अंघोळीनं सुतक सुटतं म्हणतात," कौसाबाई पुटपुटल्या. मग त्यांचाच बांध फुटला. "एका अंघोळीनं! बहीण ना ती तुमची!"

"गरम पाणी देते," किर्ती म्हणाली.

"नको."

बाथरूमचं दार लावून त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. पाण्याच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. ऐकल्यावर अंघोळ करायची. आपण तर ऐकलं नाही, वाचलं. ते चालतं का, हे कुणाला विचारावं? आणखी दोन तांबे त्यांनी घेतले.

बाहेर आले तेव्हा तेजल स्कूटीची चावी घेऊन उभी होती. राजू ओटीवर पाठमोरा बसला होता. हिंदुराव त्याच्या बाजूनं गेले. एक क्षण त्यांचा हात मुलाच्या खांद्याकडे गेला आणि खिशात परत आला. "चल," ते नातीला म्हणाले. नारळ आणि खण किर्तीनं काढून ठेवला होता. त्याकडे कुणी बघितलं नाही.

उड्डाणपूल उतरून, कात्रपच्या गर्दीतून, एमआयडीसीच्या उग्र वासातून ते अंबरनाथला पोचले. गायकरांचं घर जुन्या गावठाणात होतं. दोन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि मधे ते कौलांचं घर राहिलं होतं. भूपेश दारात बाईक धूत होता. पन्नाशीचा माणूस, पण हनुवटी वेणूची. हिंदुरावांना बघून त्यानं पाइप बंद केला.

"या," तो म्हणाला. मामा म्हणाला नाही.

आत वेणूच्या फोटोला चंदनाचा हार होता. फोटोतली बाई म्हातारी होती. हिंदुरावांनी तिला या वयात पाहिलंच नव्हतं. केस पांढरे, गालफडं बसलेली. ते फोटोसमोर उभे राहिले, हात जोडायचे की नाही ते न कळून. धाकट्या बहिणीला हात कसे जोडायचे?

"मला आज कळलं," ते म्हणाले.

भूपेश तेजलकडे बघून हसला, बिनआवाजाचं. "राजूला फोन मी केला होता. तुमच्या वकिलानं कोर्टात लिहूनही दिलं. आणि तुम्हाला आज कळलं?"

"हिच्या मोबाईलवर. वेणू शोधत होतो. अंजनी होती."

हे भूपेशला किती समजलं कोण जाणे. पण हिंदुरावांचे ओले केस आणि पाठीला चिकटलेला सदरा त्यानं बघितला. वेळ तर दुपारची होती. मग त्यानं खुर्ची पुढे केली. "बसा, मामा. ऋतिका, चहा ठेव गं."

"त्रास झाला का तिला फार?"

"नाही. सकाळी गेली. ऊन कलेपर्यंत ठेवली आम्ही." भूपेश जमिनीकडे बघत बोलत होता. "माहेरचं लुगडं यायचं होतं. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाई कशी न्यायची? सगळे मला विचारत होते, मामा निघाले का? मी म्हणत होतो, निघाले."

हिंदुराव खुर्चीत पुढे सरकले. "मग... लुगड्याशिवायच..."

"नाही. आलं."

"कुणी आणलं?"

भूपेशनं दाराकडे बघितलं. तिथून शेजारची एक म्हातारी आत येत होती, काठी टेकत, आणि आल्या आल्या तिनं हिंदुरावांना निरखायला सुरुवात केली.

"हे भाऊ ना अंजनीचे? तोंडावरून कळतं." ती भिंतीला टेकून बसली. "आजारी होतात म्हणे तुम्ही तेव्हा. भूपेश बोलला, मामांना उठवत नाय. पण लुगडं पाठवलंत हो. फार चांगलं पाठवलंत. आम्ही सगळ्या बायकांनी हात लावून बघितलं. माझ्या माहेरचे तर आत्ताच विसरलेत मला, मी मेल्यावर काय पाठवतील!"

हिंदुरावांनी भूपेशकडे बघितलं. भूपेश खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या मानेची शीर उडत होती. कुणाला पाठवून, कुठल्या दुकानातून, आईचं प्रेत घरात असताना त्यानं ते आणवलं असेल आणि चार बायकांत सांगितलं असेल, माहेराहून आलंय म्हणून? आईला कुणी टाकलेली म्हणू नये म्हणून. दावा लावलेल्या आईच्या मुलानं, ज्यांच्यावर दावा लावला त्यांची अब्रू त्या दिवशी राखली होती.

तेजलनं आजोबांचा हात धरला. तो गार होता.

"हो," हिंदुराव म्हणाले. "पाठवलं होतं."

"आणि रंग नेमका तिच्या आवडीचा," म्हातारी म्हणाली. "कसा काय लक्षात राहिला एवढ्या वर्षांनी?"

"बहीण आहे ना माझी," ते म्हणाले.

भूपेशच्या मुलीनं, ऋतिकानं चहा आणला. म्हातारीनं बशीत ओतून घेतला. ती आता रंगाचं नाव घेईल म्हणून हिंदुराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. लुगडं पाठवणाऱ्यालाच रंग कोणता हे विचारता येत नव्हतं. म्हातारी चहावर फुंकर घालत होती.